तेरवीच्या घरातलं बोलणं



संयोजकांनी मला विषय दिला तो 'कथा, कविता, नाटक : वाचायचं कसं?' असा. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य मराठी शिकवण्यात घालवलं. तेव्हा साहित्याचे गोडवे गाऊन वेळ काढण्यापेक्षा सरळ वर्गातला प्रश्न घ्यावा, असं मी ठरवलं आहे.

वर्गात काय चालतं ते इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. दहावीच्या कुमारभारतीत कवितेचं रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे त्याचे मुद्दे ठरलेले आहेत. मुद्दे वाईट नाहीत. ज्यानं ते आखले त्याला मुलानं कवितेकडे तीन बाजूंनी पाहावं असंच वाटलं असणार. पण बाजारात गाईड आलं आणि त्या मुद्द्यांचे रकाने झाले. 'प्रस्तुत कवितेतून कवीने मोलाचा संदेश दिला आहे' हे वाक्य कोणत्याही कवितेला बसतं. म्हणूनच कविता न वाचताही रसग्रहण लिहिता येतं, आणि मुलं ते लिहितात. त्यांना दोष कसा द्यावा? गुणही मिळतात.

बारावीच्या युवकभारतीत कथा हा साहित्यप्रकार म्हणून स्वतंत्र भाग आहे. त्यात व. पु. काळ्यांची 'शोध' आहे आणि डॉ. प्रतिमा इंगोले यांची 'गढी' आहे. 'गढी' वऱ्हाडातली. पुण्यामुंबईच्या मुलाला जी बोली टीपा पाहून समजून घ्यावी लागते, ती आपल्या पुसद-दिग्रसच्या मुलाला कानानं कळते. एवढी आयती संधी आपण काय करतो? मुलानं पहिला परिच्छेद वाचण्याआधीच फळ्यावर लिहितो : 'गढी हे प्रतीक आहे.' उत्तर आधी आणि कथा नंतर. प्रतीक वाचता वाचता उमगावं लागतं. आधी सांगितलं की ते पाठ करायची आणखी एक व्याख्या होऊन बसतं.

हे महाराष्ट्रभर आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र याच्या जोडीला आणखी एक अडचण आहे आणि आज मला मुख्यतः तिच्याविषयी बोलायचं आहे. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट उभी राहते. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं वर्धा जिल्ह्यात जाऊन आयुष्य संपवलं, तिथपासून आजपर्यंतच्या बातम्या. त्या खऱ्याच आहेत. त्यांच्यावर पांघरूण घालायला मी उभा नाही. पण त्यांचा एक परिणाम असा झाला की इथल्या मातीतून आलेलं काहीही, कथा असो, कविता असो, नाटक असो, बातमीसारखं वाचलं जाऊ लागलं. विषय कोणता, प्रश्न किती गंभीर, लेखकाला किती कळवळा, एवढं पाहिलं की वाचन संपलं. ते लिहिलं कसं आहे हे पाहणं जणू असभ्यपणाचं. दुःखाच्या घरी जाऊन भिंतीचा रंग कशाला पाहायचा, असा काहीसा संकोच. माझं म्हणणं उलट आहे. लिहिलं कसं आहे हे पाहिल्याशिवाय ते दुःखसुद्धा पुरतं हाती लागत नाही.

हे सिद्ध करायला मी मुद्दामच मृत्यूचा विषय घेतो. एखाद्या घरात माणूस गेलं की त्या घरात काय बोललं जातं, एवढंच आपण तीन-चार ठिकाणी पाहू.

पहिलं उदाहरण जिल्ह्याबाहेरचं, पुण्याच्या दिवाकरांचं. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे. ब्राउनिंग या इंग्रज कवीची नाट्यात्म स्वगतं वाचून त्यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहायला घेतल्या. नाट्यछटेत एकच पात्र बोलतं. समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या बोलण्यावरून ताडायचं. कथेसारखी तिच्यात घटना असते, नाटकासारखा आवाज असतो आणि कवितेसारखी काटकसर असते. शिकणाऱ्यासाठी मराठीत याहून चांगलं साधन मला माहीत नाही. पान-दीड पानाचा मजकूर, एका तासिकेत दोनदा वाचून होतो.

त्यांची 'पंत मेले – राव चढले' घ्या. एका घरी पंत गेल्याचा आकांत आहे, दुसऱ्या घरी पंतांची जागा रावांना मिळाल्याचा आनंद. 'जग किती स्वार्थी आहे पाहा' असं दिवाकर कुठेही म्हणत नाहीत. ते मुळी तिथे नाहीतच. दोन घरं शेजारी शेजारी ठेवून ते निघून गेले आहेत. आता विद्यार्थ्याला एक काम सांगा : क्रम उलटा करून बघ. आधी रावांचा आनंद आणि मग पंतांच्या घरचं रडणं असं ठेवलं तर काय होतं? शब्द तेच राहतात, पण ती करुण गोष्ट होते. शेवटी आपण पंतांच्या बायकामुलांसाठी हळहळतो आणि स्वतःला भले समजत घरी जातो. दिवाकरांनी आपल्याला तशी सुटका दिली नाही. त्यांनी शेवटी हसरं घर ठेवलं, आणि त्या हसण्यात आपलंही हसणं कुठेतरी मिसळलेलं आहे ही टोचणी मागे ठेवली. नोकरीत बढती मिळालेल्या कोणालाही विचारा. उपरोध ही संज्ञा मुलाला यानंतर सांगितली तर ती त्याच्याजवळ राहील.

विश्लेषण म्हणजे एवढंच आहे हो. मजकुराला हात लावून पाहायचा. हे हलवलं तर काय बिघडतं, हे काढलं तर काय कोसळतं? कापूस खरेदी केंद्रावरचा ग्रेडर गाडीभर कापसाकडे बघून भाव सांगत नाही. चिमूटभर घेतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढतो, लांबी बघतो, ओल बघतो. त्याच्याशी आपण भांडतो, कधी तो चुकतो, कधी मुद्दाम चुकतो. पण ओढून न पाहता दर सांगणाऱ्याला आपण दारातही उभं करणार नाही. साहित्याच्या बाबतीत मात्र गाडी लांबून बघूनच आपण 'उत्तम' म्हणून मोकळे होतो.

कोणी म्हणेल, हे सूक्ष्म वाचन वगैरे विलायती खूळ आहे. विलायतेत ते झालं हे खरं. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकून कविता दिल्या आणि त्यांवर लिहायला सांगितलं. त्या लेखनाचा अभ्यास १९२९ मध्ये पुस्तकरूपानं आला. भल्या भल्या हुशार मुलांनी नामांकित कवितांना नावं ठेवली होती आणि सुमार कवितांवर जीव ओवाळला होता. नाव झाकलं की आपली अक्कल उघडी पडते. हा प्रयोग आपल्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात उद्या करता येईल, खर्च फोटोकॉपीचा.

पण आपल्याकडे हे नव्हतं असं कुणी समजू नये. वारकरी कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि त्यावर दोन-दोन तास उभा राहतो. एकेक शब्द फोडतो, हाच शब्द का आणि दुसरा का नाही हे विचारतो, दुसऱ्या संतांची प्रमाणं देतो, मग पुन्हा मूळ चरणावर येतो. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानदेवांनी नऊ हजार ओव्या रचल्या. आणि आपल्या वणीचं उदाहरण घ्या. लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राम शेवाळकर वणीत राहून रामायण-महाभारतावर, ज्ञानेश्वरीवर बोलत राहिले. तासन् तास लोक ऐकत बसत, त्यांतले कितीतरी फार शिकलेले नसत. १९९४ मध्ये पणजीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, ते या वाणीच्या बळावर. म्हणजे ऐकता ऐकता वाक्य उलगडण्याची सवय आपल्या कानांना आहे. फरक एकच. कीर्तनात अभंग थोर आहे हे आधीच ठरलेलं असतं. वर्गात तसं ठरवून चालणार नाही. 'मला हे पटलं नाही, आणि का ते मी मजकुरातून दाखवतो' असं म्हणायची मुभा विद्यार्थ्याला हवी.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ चा, घाटंजी तालुक्यातल्या पारव्याचा. हे इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मिळून त्रिनाट्य झालं, १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटकं सलग केली, 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतकी माहिती परीक्षेला पुरते. नाटक वाचायला पुरत नाही.

नाटकातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात घरचे कर्ते तात्याजी गेले आहेत आणि तेरवी व्हायची आहे. हा काळ नाटककारानं का निवडला असेल? सुतकात घराबाहेर पडता येत नाही, कामाला जाता येत नाही, आलेल्याला परत पाठवता येत नाही. मुंबईहून सुधीर आणि त्याची बायको अंजली आलेली आहेत. थोरला भास्कर, वहिनी, आई, शिकायचं राहून गेलेली प्रभा, सगळ्यांची सेवा करणारा चंदू. वर्षानुवर्षं न बोललेली माणसं एका छपराखाली कोंडली जातात आणि बोलायला विषय एकच उरतो : तेरवीची गावजेवणावळ करायची कशी, पैसा आणायचा कुठून. नाटकाला लागणारी कोंडी लेखकाला बाहेरून आणावी लागली नाही, ती आपल्या रूढीनंच तयार करून दिली. आतल्या अंगाला म्हातारी दादी आहे. मुलगा गेला हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही, ती त्याचीच चौकशी करत राहते. दर वेळी तिचा आवाज येतो तेव्हा बाहेरच्या हिशेबी बोलण्याला तडा जातो. तिच्या तोंडी मोठं भाषण घातलं असतं तर ते शोकगीत झालं असतं. एक छोटासा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून अंगावर येतो.

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की नाटक वाचताना पात्रांची स्वभावचित्रं लिहीत बसू नका, एखादी वस्तू धरा आणि तिच्यामागे जा. 'वाड्या'त दागिने धरा. खानदानी दागिने कुलपात आहेत, सगळ्यांच्या मनात आहेत, कोणी उघड बोलत नाही. मग एका रात्री भास्कर आणि वहिनी एकटे असताना ते बाहेर निघतात, वहिनी ते अंगावर चढवते. त्या प्रवेशात वहिनी लोभी दिसते का? मुळीच नाही. आयुष्यभर राबलेल्या बाईला घटकाभर आपण या घराण्याची लक्ष्मी आहोत असं वाटतं, आणि तेही मध्यरात्री, दार लावून, कुणाला दिसू नये अशा बेतानं. आणि पुढे तेच दागिने घेऊन तिची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते. कुलूप, मध्यरात्र, पळ. सरंजामशाहीचा ऱ्हास हा शब्दप्रयोग तुम्ही उत्तरपत्रिकेत खुशाल लिहा, पण तो दिसतो तो या तीन जागांवर. अंगणात बंद पडून गंजणारा ट्रॅक्टर आहे, त्याचंही असंच करून पाहा. चंदूच्या जखमी पायापर्यंत पोचाल.

इथे एक मोह आवरायला हवा. हे नाटक १९८५ चं, चिलगव्हाणची घटना १९८६ ची. लगेच कुणीतरी म्हणतं, नाटककारानं शेतकऱ्याचं मरण आधीच ओळखलं होतं. टाळ्या मिळतात या वाक्याला. मला ते चुकीचं वाटतं. धरणगावचे देशपांडे कापसाच्या भावानं बुडालेले नाहीत. ते शेती न करण्यानं, हातानं काम न करण्यानं, नावाचा डौल सांभाळण्यानं बुडाले आहेत. त्यांच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या राबणारा माणूस निराळा, आणि पुढे जो मेला तो बहुतेक त्या दुसऱ्या बाजूचा. दोघांना एकाच 'ग्रामीण विदर्भाची शोकांतिका' या मथळ्याखाली घालणं म्हणजे बातमीसारखं वाचणं. दुसरा मोह, हा वाडा पारव्याचा असं धरून चालण्याचा. एलकुंचवारांनी 'मौनराग'मधल्या ललितलेखांत स्वतःचं घर आणि बालपण आठवलं आहे. तिथे ते शोधा. धरणगावचा वाडा नाटकाच्या गरजेनं बांधला आहे, त्याला दारं कुठे आणि अंधार कुठे हे रंगमंचानं ठरवलं आहे.

त्या दुसऱ्या बाजूच्या घरातली तेरवी पाहायची असेल तर दुसऱ्या नाटकाकडे जावं लागतं. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं 'तेरवं'. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांचं हे नाटक, आणि अशा घरांतल्या स्त्रियाच त्यात रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतलीच एक पुढे साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर आली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली झालं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांनी. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं. ते निमंत्रण मागे घेणं ही नामुष्कीच होती, हे माझं मत मी इथेही लपवत नाही. शेवटी उद्घाटन केलं याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. सगळ्या वर्तमानपत्रांत आलं : शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते उद्घाटन. त्या 'तेरवं'मधल्या अभिनेत्री होत्या, हे मथळ्यांत क्वचितच आलं, आलं तर पोटात कुठेतरी.

या एका गोष्टीकडे जरा थांबून बघू या. स्वतःचं दुःख गावातल्या बाईजवळ सांगणं वेगळं, आणि तेच दुःख ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या जागी उभं राहून, प्रकाश आल्यावर सांगणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तालीम असते. कुठे थांबायचं, शेजारणीचं वाक्य संपल्यावर किती वेळानं आपलं सुरू करायचं, रडू आलं तर आवरायचं की नाही, हे सगळं ठरवावं लागतं. पहिल्या प्रयोगात कदाचित नुसती वेदना पुरत असेल, पुढच्या प्रयोगांना कसब लागतं. रंगमंचावरच्या त्या स्त्रीला आपण फक्त साक्षीदार मानलं की तिचं ते कसब पुसून टाकतो. आणि मग वर म्हणतो की आपण तिचा सन्मान केला! एकल महिलेला आपण दुःख द्यायला तयार आहोत, मदत द्यायला तयार आहोत, कलावंताचं स्थान द्यायला मात्र अडतो.

दोन्ही नाटकं शेजारी ठेवून वाचली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. 'वाड्या'त माणसं एकमेकांशी बोलतात आणि प्रेक्षक जणू भिंतीपलीकडून ऐकतो. 'तेरवं'मधल्या बायकांचा रोख आपल्याकडे आहे. पहिल्यात आपण पाहुणे असतो, दुसऱ्यात जबाबदार. विषय दोन्हीकडे तेरवीचा, पण बोलण्याची दिशा बदलली की आपली जागा बदलते. कोण कोणाशी बोलतं आहे, हा दिवाकरांच्या नाट्यछटेतला प्रश्न इथवर आपल्याला उपयोगी पडला.

कवितेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण वेळ झाला आहे. बोरीअरबचे शंकर बडे आपल्यातल्या अनेकांनी प्रत्यक्ष ऐकले आहेत. पावसानं मांडलेल्या कहराची त्यांची वऱ्हाडी कविता विदर्भात किती जणांना तोंडपाठ आहे! पूर येतो, गावाची दैना होते आणि सभागृह हसतं. का हसतं? बोलीला हसतं, असं पटकन उत्तर येतं. बाहेरचे तसं हसत असतीलही. पण आपल्या गावातले, ती बोली घरात बोलणारे, तेही हसतात. कारण संकटाविषयी असं तिरकस, जरा चढ्या आवाजात बोलायची आपल्या गावांची रीत आहे, आणि कवीनं ती रीतच कवितेचा सूर केली. हीच कविता प्रमाण मराठीत लिहून पाहा. पूरग्रस्तांचं निवेदन होईल. भाषिक वैशिष्ट्ये या रकान्यात 'वऱ्हाडी बोलीचा वापर' एवढं लिहून थांबलेल्या मुलाला तिथून पुढे न्यायचं आहे : वापरानं काय झालं?

आणि याच जिल्ह्यातल्या बेलोऱ्यात जन्मलेले वसंत आबाजी डहाके. त्यांचा 'योगभ्रष्ट' हा कवितासंग्रह १९७२ चा, 'चित्रलिपी'ला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार. यवतमाळचा कवी म्हणून त्यांच्या कवितेत पऱ्हाटी आणि बैलबंडी शोधायला जाल तर हात हलवत परत याल. तिथे महानगर आहे, भय आहे, तुटत गेलेला माणूस आहे. ते यवतमाळचे नाहीत का मग? जन्मगावाचा दाखला कवितेकडे मागणं हीसुद्धा बातमीचीच सवय. याच डहाक्यांनी प्रभा गणोरकर, जया दडकर आणि सदानंद भटकळ यांच्याबरोबर 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' संपादित केला, २००१ मध्ये. प्रतिमा, प्रतीक, उपरोध, निवेदक अशा शब्दांचा नेमका अर्थ मराठीत शोधायचा तर हा कोश हाताशी असावा. कनिष्ठ महाविद्यालयांच्या ग्रंथालयात तो असतो का, ते उद्या जाऊन पाहा. गाईडांचं कपाट मात्र सापडेल.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयानं महिन्यातून एकदा जाहीर वाचन ठेवावं. भाषण नको, पाहुणा नको, हारतुरे तर नकोतच. एक नाट्यछटा, एक कविता किंवा नाटकाचा एक प्रवेश दोनदा मोठ्यानं वाचावा आणि जमलेल्यांनी त्यावर तासभर वाद घालावा, लेखकाचं नाव झाकून केलं तर उत्तम. पहिल्या वर्षासाठी 'वाडा चिरेबंदी'तला दागिन्यांचा प्रवेश घ्या, 'तेरवं'मधला एक प्रवेश घ्या. आणि 'तेरवं'वर बोलायला त्यात काम केलेल्या बायकांनाच बोलवा, पण त्यांना त्यांच्या नवऱ्याविषयी विचारू नका. ती भूमिका त्यांनी कशी बसवली, ते विचारा.